पायथनच्या जुन्या कोडला टाइप लावायचेत, सल्ला हवा (सांगली)

हळदपट्टी: मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा पट्टीचा (शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाचा) प्रोग्राम पायथन ३.८ वर आहे, टाइप (कुठे कोणत्या प्रकारची माहिती येणार याची नोंद) कुठेच नाहीत. काट्यावरून वजन कधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) येतं, कधी फ्लोट (अंदाजे साठवलेली दशांश संख्या). नवी हळद यायच्या आत आवरायचंय. व्हर्जन बदलता येणार नाही. टाइप तपासणारा चेकर कोणता घेऊ, मायपाय की पायराइट?

मिरजकर_०९: आधी ३.१२ वर या. ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्येच संपलाय.

हळदपट्टी: व्हर्जनचं वर लिहिलंय.

विट्याचा: पायराइटच. टाइप न लिहिलेल्या फंक्शनचा रिटर्न टाइपही ओळखतो. मायपाय अशा फंक्शनच्या आत बघतच नाही.

कृष्णाकाठ: बघतो, 'चेक अनटाइप्ड डेफ्स' हे सेटिंग चालू केलं की. सगळ्यात कडक 'स्ट्रिक्ट' मात्र एवढ्यात नको, तक्रारींच्या ढिगात खरी चूक हरवते. सगळ्या फाइली जिला इम्पोर्ट करतात त्या फाइलपासून धरा, म्हणजे वजन, दर, हमाली, तोलाई. तिथे पूर्ण टाइप लिहा आणि टाइपशिवायचं फंक्शन नाकारणारं 'डिसअलाऊ अनटाइप्ड डेफ्स' तेवढ्याच मॉड्यूलला (फाइलला) लावा. वजन स्ट्रिंग राहिलं तर "५०" गुणिले ३ पोती म्हणजे १५० नाही, "५०५०५०" येतं आणि पायथन चकार शब्द काढत नाही. रिटर्न टाइप डेसिमल (अचूक दशांश संख्या) लिहिलेला असेल तर मायपाय तिथेच अडवतो. रकमेला फ्लोट वापरूच नका.

३.८ वर 'टायपिंग' मॉड्यूलमधलेच लिस्ट, डिक्ट घ्या. ३.९ ची साध्या list, dict ला थेट चौकटी कंस लावायची पद्धत वापरली तर फाइल लोड होतानाच टाइपएरर येतो.

मिरजकर_०९: म्हणूनच म्हणतो, ३.१२.

तासगाव_कोड: त्यापेक्षा टाइपस्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहा. पायथन चालताना टाइप तपासतच नाही.

कृष्णाकाठ: टाइपस्क्रिप्टचे तरी कुठे उरतात? जावास्क्रिप्ट होताना पुसले जातात. बाहेरचा डेटा दोन्हीकडे दारातच तपासावा लागतो.

पलूस_पाय: मंकीटाइप बघा, प्रोग्राम चालताना आलेले टाइप नोंदवून सुचवतं. फक्त त्या वेळी एकही रिकामी नोंद आली नाही तर 'ऑप्शनल' (रिकामंही चालेल असा टाइप) सुचवणार नाही, तेवढं हाताने बघा.

विट्याचा: पायराइट वेगवानही आहे.

हळदपट्टी: ठरवलं. चेकर हंगामानंतर. आत्ता काट्याचं वजन एकाच फंक्शनमधून आत घेईन, तिथेच डेसिमल करीन, रिकामं किंवा ऋण आलं तर नाकारीन.

कृष्णाकाठ: मग एवढं पाहा: वजनामागे 'केजी' चिकटून आलं तर डेसिमल 'इनव्हॅलिड ऑपरेशन' नावाची एरर फेकतं. नुसता व्हॅल्यूएरर पकडलात तर ते निसटेल.