प्रतिसाद: नामाजिराची निसर्गचित्रं

"अल्बर्ट नामाजिराची चित्रं म्हणजे इंग्रजी वळणाचे जलरंग, यात आदिवासीपण कुठे?" असं ऑस्ट्रेलियाच्या या आदिवासी चित्रकाराबद्दल वर विचारलंय. हा आक्षेप जुनाच आहे, पण मला पटत नाही. १९३६ मध्ये तो रेक्स बॅटरबी या गोऱ्या चित्रकाराकडून जलरंग शिकला हे खरं. बदल्यात त्याने बॅटरबीचे उंट सांभाळले आणि वाटा दाखवल्या. तंत्र उसनं असेल, पण रंगवलं काय ते बघा ना! मध्य ऑस्ट्रेलियातल्या मॅकडॉनेल डोंगररांगा, माउंट सोंडर, ग्लेन हेलनची घळ. हा सगळा पश्चिम अरेर्न्टा लोकांचा, म्हणजे त्याच्याच पूर्वजांचा मुलूख. हे डोंगर आणि पाणवठे पूर्वजांनीच घडवले, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे चित्रात माणूस नसला तरी ती जागा त्याच्या लेखी ओसाड नव्हतीच. पांढऱ्या बुंध्याचे ते 'घोस्ट गम' वृक्ष तर तो घरातल्या वडीलधाऱ्यांचं व्यक्तिचित्र काढावं तसे काढतो.

१९३८ मध्ये मेलबर्नला पहिल्याच एकल प्रदर्शनात सगळी चित्रं विकली गेली. पैसा आला, नाव झालं. पण गुरं पाळायला भाडेपट्ट्याने जमीन मागितली तर नकार, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं म्हटलं तरी नकार. ज्याच्या चित्रांतून निम्म्या ऑस्ट्रेलियाने तो प्रदेश पाहिला, त्याला तिथेच जागा नाही! (चीड येते वाचताना.) १९५७ मध्ये (तेव्हा बहुतेक आदिवासींना नसलेलं) पूर्ण नागरिकत्व मिळालं, १९५९ मध्ये तो गेला. चित्रांचे कॉपीराइट वारसांच्या ट्रस्टकडे यायला मात्र २०१७ साल उजाडलं.