रोटेटर कफ मोठ्या प्रमाणावर फाटला आहे : शिवून घ्यावा की रिव्हर्स सांधेरोपण करावे? (वडील, वय ६६, बडोदे)

सप्रेम नमस्कार.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझे वडील, अण्णा, पौरोहित्य करतात. गेल्या श्रावणात उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (दंडाच्या हाडाचा गोळा सांध्यात धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या स्नायुबंधांचा समूह) फाटल्यापासून त्यांना अभिषेकाची धारही धरता येत नाही, आणि आता दोन शल्यचिकित्सकांनी दोन वेगळ्या शस्त्रक्रिया सुचविल्यामुळे आमचा निर्णय अडला आहे. ज्यांच्या घरी यांपैकी एखादी शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा जे स्वतः या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यजमानांच्या ओल्या ओट्यावर पाय घसरून ते उजव्या हातावर पडले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर असल्याचे सांगितले आणि शेक व व्यायाम यांत चार महिने गेले. वास्तविक दुसऱ्याने हात धरून वर नेला तर तो जवळजवळ पूर्ण वर जात असे; स्वतःहून मात्र ६० अंशांपलीकडे जात नसे. आखडलेला सांधा दुसऱ्याच्या हातानेही वर जात नाही, एवढा साधा फरक आम्हाला फार उशिरा समजला.

एम.आर.आय.नुसार कफमधील सुप्रास्पायनेटस (वरचा) आणि इन्फ्रास्पायनेटस (मागचा) हे दोन्ही स्नायुबंध हाडापासून पूर्ण सुटून सांध्याच्या खोबणीपर्यंत मागे ओढले गेले आहेत. स्नायूंत चरबी उतरली असून तिची श्रेणी (गुटालिए मोजपट्टीवर, ० ते ४ चढती) पहिल्यात २ आणि दुसऱ्यात ३ अशी दिली आहे. समोरचा सबस्कॅप्युलॅरिस आणि मागचा टेरिस मायनर शाबूत आहेत. बायसेप्सचा स्नायुबंध झिजला आहे. दंडाच्या हाडाचा गोळा वर सरकून त्याच्या व वरच्या हाडाच्या मधले अंतर ६ मि.मी. उरले आहे, सांध्याची झीज मात्र अद्याप नाही. मधुमेह गोळ्यांवर असून एचबीए१सी ७.४ आहे.

पहिल्या शल्यचिकित्सकांचे मत असे की सांध्याची झीज नसताना तो कापून टाकू नये. दुर्बिणीतून जेवढे शिवता येईल तेवढे शिवावे, बायसेप्सचा स्नायुबंध सोडवावा, आणि पुढे गरज पडलीच तर सांधेरोपणाचा मार्ग खुला राहतो. दुसरे म्हणतात की चरबी ज्या श्रेणीला पोचली आहे ती शिवल्यानंतर मागे हटत नाही, टाके पुन्हा सुटण्याची शक्यता बरीच आहे, आणि या वयात एकदाच रिव्हर्स सांधेरोपण करून मोकळे व्हावे. फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली पुढे आणलेल्या या पद्धतीत गोळा खवाट्याच्या बाजूला आणि वाटी दंडाच्या हाडाला बसवतात, त्यामुळे फाटलेल्या कफचे काम डेल्टॉइड स्नायू करू शकतो. हे तत्त्व मला पटते.

माझी अडचण अण्णांच्या कामामुळे आहे. रिव्हर्सनंतर हात वर जाणे बहुधा सुधारते, परंतु हात पाठीमागे नेणे अनेकांना अवघड होते, असे दुसऱ्या डॉक्टरांनीच प्रामाणिकपणे सांगितले. धोतराचा कासोटा मागे खोचावा लागतो. शिवलेले धोतर बाजारात मिळते, असेही त्यांनी सुचविले. अण्णांनी त्यावर काही उत्तर दिले नाही. कासोटा एक वेळ डाव्या हाताने खोचता येईल, पण श्राद्धात सव्य-अपसव्य करताना जानवे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेण्यासाठी दोन्ही हात मोकळेपणाने फिरावे लागतात, आणि आचमन व आहुती तर उजव्या हातानेच. सध्या आचमनाच्या वेळी तळहात तोंडाशी नेताना त्यांचे कोपर आधी बाहेर वर उचलले जाते, पळीभर पाणीही सांडते. हात बाहेरच्या बाजूला वळविणारी शक्ती गेल्याचे हे लक्षण आहे, असे आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी दाखवून दिले. तेव्हा नुसत्या रिव्हर्सने ही शक्ती परत येते का, की त्यासोबत पाठीतील लॅटिसिमस डॉर्सायचा स्नायुबंध वळवून जोडावा लागतो? टेरिस मायनर शाबूत असल्याने काही फरक पडतो का?

तिसराही एक पर्याय वाचनात आला : जपानच्या मिहाता यांची सुपिरिअर कॅप्सूल रिकन्स्ट्रक्शन, ज्यात मांडीवरील फॅशिया लाटाचा पट्टा घेऊन सांध्याच्या वर बसवतात आणि गोळा खाली राहतो. अण्णांसारख्या रुग्णात, इन्फ्रास्पायनेटस इतका खराब असताना, हे कोणी करून घेतले आहे काय? गोळा खाली दाबून ठेवण्यासाठी खांद्यात फुगा ठेवण्याचा पर्याय मी सोडून दिला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दुर्बिणीतून केवळ सांध्याची साफसफाई केलेल्या रुग्णांपेक्षा फुगा बसविलेल्यांची स्थिती चांगली ठरली नाही.

विम्याचा प्रश्न सुटलेला आहे, तेव्हा खर्चावर चर्चा नसली तरी चालेल. ‘तेल लावा, बरे होईल’ असे सल्ले कृपया नकोत. चार महिने त्यातच गेले आहेत.

भर : इथे दोन वाचकांनी विचारले म्हणून लिहितो. डेल्टॉइड स्नायू तपासला असून चांगला आकसतो, दंडाच्या बाहेरील बाजूस बधिरपणा नाही, म्हणजे त्याची नस शाबूत असावी. रात्रीची वेदना आहे, परंतु अण्णांची मुख्य तक्रार वेदनेची नसून हात न उचलला जाण्याची आहे. शिवल्यानंतर सुमारे ६ आठवडे झोळी आणि ताकदीचे व्यायाम साधारण ३ महिन्यांनंतर, हे सांगितले गेले आहे. पुढच्या पितृपंधरवड्याआधी हात कामाला यावा अशी त्यांची इच्छा आहे. येत्या मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचे आहे. हात मागे किती जातो आणि बाहेर किती वळतो, हे ज्यांच्या घरी रिव्हर्स होऊन वर्ष झाले आहे त्यांनी शक्य तितके नेमके लिहावे : पाठीवर अंगठा कंबरेपर्यंत पोचतो, की नितंबापाशीच थांबतो?