स्लेज हॉकीच्या जागतिक स्पर्धेतील सामना पाहून पडलेले काही प्रश्न

प्रश्न

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील स्लेज हॉकीच्या, म्हणजे अपंग खेळाडू ब्लेड लावलेल्या स्लेजवर बसून खेळतात त्या आइस हॉकीच्या, एका सामन्याचे चित्रीकरण नुकतेच पाहिले. उभ्याने खेळली जाणारी आइस हॉकी मी बऱ्याच वर्षांपासून पाहत आलो असल्यामुळे निळी रेषा, ऑफसाइड वगैरे गोष्टी लगेच समजल्या, परंतु काही बाबतींत मात्र गोंधळ उडाला. प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक आखूड स्टिक का असते? एका खेळाडूची स्टिक प्रतिस्पर्ध्याला लागलेलीही दिसली नाही, तरीही पंचांनी त्याला दोन मिनिटे बाहेर बसवले, ते कशासाठी? शिवाय विजेत्यांच्या यादीत अमेरिका आणि कॅनडा ही दोनच नावे आलटून पालटून दिसतात. दोनच देशांचा खेळ असेल, तर त्याला जागतिक स्पर्धा म्हणण्यात कितपत अर्थ आहे, असेही मनात आले. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १

दोन स्टिकमागचे कारण अगदी साधे आहे. या खेळात पायांचे काम हातांनाच करावे लागते. स्टिकची लांबी जास्तीत जास्त एक मीटर असते. तिच्या एका टोकाला धातूचे दाते असतात आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचे वळलेले पाते. दाते बर्फात रोवून खेळाडू स्लेज पुढे ढकलतो आणि पक (खेळातली रबरी चकती) जवळ येताच हाताची पकड सरकवून त्याच स्टिकच्या पात्याने पक खेळतो. म्हणजे फटका मारण्याच्या त्या क्षणी तो हात स्लेजला वेग देऊ शकत नाही. त्यामुळे दोन दमदार ढकल देऊन आधी वेग साठवायचा आणि मग घसरत असतानाच नेम धरायचा, हे गणित प्रत्येकाला सतत मनात मांडावे लागते.

पुढच्या वेळी सामना पाहाल तेव्हा पक स्लेजखालून कसा नेला जातो, तेवढे अवश्य पाहा. स्लेजची चौकट बर्फापासून साधारण साडेआठ ते साडेनऊ सेंटिमीटर उंच असते, आणि पक जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा. बचावपटू डावीकडून अंगावर येत असतो, खेळाडू डाव्या हाताने पक स्वतःच्याच बैठकीखाली सरकवतो आणि पुढच्याच क्षणी तो उजव्या स्टिकपाशी हजर असतो. उभ्याने खेळणाऱ्यांना ही युक्ती साधणारच नाही! बैठकीखालच्या दोन ब्लेडमधले अंतरही महत्त्वाचे असते. नवख्यांसाठी ते जास्त ठेवतात, म्हणजे तोल सांभाळता येतो. मुरलेले खेळाडू ते कमी करून घेतात, कारण मग स्लेज चटकन वळते.

उत्तर २

बाहेर बसवण्यामागचे कारण बहुधा ‘टीइंग’ असावे. आपल्या स्लेजचे पुढचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर काटकोनात नेऊन आदळणे, असा त्याचा अर्थ. खांद्याला खांदा भिडवून दिलेली धडक नियमात बसते आणि ती चांगली जोरदारही असते. पण स्लेजचे टोक थेट बरगड्यांत किंवा पायांत घुसू शकते, म्हणून त्याला शिक्षा आहे. मैदानाचे आकारमान तेच, बर्फावर गोलरक्षकासह सहा खेळाडू तेच. मात्र तीन सत्रे वीसऐवजी पंधरा मिनिटांची असतात. राखीव खेळाडूंच्या जागेतही बर्फच असतो आणि तिथला कठडा पारदर्शक असतो, कारण स्लेजवर बसलेल्या माणसाला एरवी त्यापलीकडचे काहीच दिसले नसते.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शरीराच्या खालच्या भागात कायमचे अपंगत्व असणे ही पात्रतेची अट आहे, पण त्यापुढे वर्गवारी नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला गुण देऊन संघाच्या एकूण गुणांवर मर्यादा घालतात. इथे तसे काहीच नसल्यामुळे पाय गमावलेला पण कंबरेवर पूर्ण ताबा असलेला खेळाडू आणि मज्जारज्जूला इजा झालेला खेळाडू एकमेकांसमोर उभे ठाकतात. माझ्या मते या खेळातील खरी विषमता देशांपेक्षा इथेच अधिक आहे.

उत्तर ३

दोन देशांच्या वर्चस्वाविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण ते अर्ध्याच इतिहासाला लागू पडते. हा खेळ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस स्टॉकहोममधील एका पुनर्वसन केंद्रातील स्वीडिश खेळाडूंनी घडवला. 1994 मध्ये लिलेहॅमर पॅरालिम्पिकमध्ये तो प्रथम आला, तेव्हा सुवर्णपदक स्वीडनलाच मिळाले, आणि 1996 ची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही त्यांनीच जिंकली. पुढची, 2000 ची स्पर्धा कॅनडाने जिंकली, तर 2004 ची नॉर्वेने. 2008 पासून मात्र चित्र पालटले. मोठ्या लोकसंख्येच्या देशांत रिंक (बर्फाची मैदाने) भरपूर, लहान मुलांपासून स्लेजवर खेळणारे पुष्कळ आणि अमेरिकेच्या संघात तर युद्धात जखमी झालेले माजी सैनिकही. या साऱ्यापुढे मोजक्या खेळाडूंच्या बळावर संघ उभा करणाऱ्या देशांची दमछाक झाली. स्वीडनला 2002 नंतर पॅरालिम्पिक पदक मिळालेले नाही.

जाता जाता, नावाविषयी. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने ‘आइस स्लेज हॉकी’ऐवजी ‘पॅरा आइस हॉकी’ हे नाव स्वीकारले. खेळ तोच आहे. तसे मला जुनेच नाव जास्त आवडते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. टीइंगचा खुलासा वाचून तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि आता स्लेजचे टोक स्पष्ट दिसले. मी स्टिककडेच पाहत बसलो होतो. तरीही अंतिम सामना कोणामध्ये होणार हे आधीच ठाऊक असेल, तर पाहण्यात गंमत काय उरते, ही शंका कायम आहे.

उत्तर ४

तसे ते दरवेळी ठाऊक नसते. 2010 मध्ये व्हँकुव्हर पॅरालिम्पिकमध्ये, कॅनडाच्या घरच्याच प्रेक्षकांसमोर, जपानने उपांत्य फेरीत कॅनडाला हरवले होते. 2012 च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाने रौप्यपदक मिळवले आणि 2022 मध्ये चीनने बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक. आणि अंतिम सामना त्याच दोघांमध्ये झाला तरी निकाल आधी सांगता येतोच असे नाही. 2018 च्या प्योंगचांग पॅरालिम्पिकमध्ये एक मिनिटही उरले नसताना कॅनडा 1-0 ने पुढे होता. तेवढ्यात अमेरिकेच्या डेक्लन फार्मरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही त्यानेच केला. कॅनडाला त्याची परतफेड करता आली ती 2024 मध्ये कॅलगरीच्या जागतिक स्पर्धेत, आणि तीही 2-1 अशीच. हे दोन सामने मिळाले, तर एकापाठोपाठ एक पाहा.