राजकीय उपहासाच्या बनावट पोस्ट आपल्याला का आवडतात? : खानदेशकरांचे अनुभव

पुढाऱ्याच्या नावावरचे कल्पित निवेदन, खोटे परिपत्रक, कधीच न झालेल्या उद्घाटनाची पत्रिका असे काही मोबाइलवर आले की आपण हसतो आणि पुढे पाठवतो. त्या हसण्यामागे नेमके काय असते, हे प्रत्येकाने आपल्या अनुभवातून लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. गेल्या उन्हाळ्यात एक लग्नपत्रिका फिरत आली : ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. नळ व चि. सौ. कां. जलधारा यांचा शुभविवाह योजिला असून मुहूर्त मागाहून कळविण्यात येईल.’ निमंत्रकांत हंडे, कळश्या आणि टाक्या होत्या. मोटार लावायला पहाटे दोनला उठणाऱ्या माझ्या पत्नीने ती तीनदा वाचली. तक्रारअर्ज आम्ही पुष्कळ दिले होते. पण आपली दशा कोणीतरी आपल्याच शब्दांत मांडली, हे समाधान त्या पत्रिकेने दिले.

केळी उत्पादक, रावेर तालुका : आमच्याकडे केळीचा व्यवहार बऱ्हाणपूरच्या बाजारभावाकडे पाहून होतो. दोन वर्षांपूर्वी हमीभाव जाहीर झाल्याची पोस्ट मंत्र्यांच्या छायाचित्रासह आली. रचणाऱ्याच्या मनात उपहास असेलही, पण त्यात अतिशयोक्ती कुठेच नव्हती. आम्ही वर्षानुवर्षे जे मागतो, तेच लिहिले होते. चुलत्यांनी व्यापाऱ्याला परत पाठवून कापणी लांबवली, मे महिन्याच्या उन्हात घड झाडावरच पिकू लागले आणि शेवटी मिळेल त्या भावाने माल द्यावा लागला. ज्याच्या गरजेवर विनोद बेतलेला आहे, त्याला तो विनोद असल्याचे कळलेच पाहिजे.

गृहिणी, धुळे : माझ्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवताना नदीच्या दोन्ही काठांवर बायका जमत आणि पलीकडच्या गावाला गाण्यांतून मनसोक्त शिव्या देत, त्यांतून सरपंचही सुटत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच बायका बाजारात एकमेकींची ख्यालीखुशाली विचारत, कारण कालचे बोलणे खेळातले होते, हे साऱ्यांना ठाऊक असे. अहिराणीत बोलणाऱ्या पुढाऱ्याचे बनावट चित्र पाहिले की मला तो नदीकाठ आठवतो. भाषणात प्रमाण मराठीतून आश्वासने देणारा माणूस त्या चित्रात ‘माले काय माहीत, भो!’ म्हणतो, तेव्हा तो आमच्या ओट्यावर येऊन बसल्यासारखा वाटतो आणि त्याला जाब विचारता येईल, असा धीर येतो.

विद्यार्थी, नंदुरबार : मी स्वतः अशा पोस्ट तयार करतो. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले असले, तरी वडील शासकीय नोकरीत असल्यामुळे घरी धाकधूक असते. प्रत्येक चित्रावर मी ‘विडंबन’ असे लिहितो. त्याने मजा जाते, असे मित्रांचे म्हणणे आहे. रावेरच्या काकांचा अनुभव वाचून मी ती अक्षरे आणखी मोठी केली आहेत.