क्लिकर वाजायच्या आतच बाण सुटतो. रिकर्व्ह धनुष्यावर नेमकं काय सुधारू?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला असते, वय ३६, बँकेत नोकरी. लेकाला सकाळी आर्चरीच्या मैदानावर सोडायचं आणि तासभर बाकावर बसून राहायचं, असं चाललं होतं. चौदा महिन्यांपूर्वी मीच धनुष्य हातात घेतलं. लेकाने तिसऱ्या महिन्यात सोडलं, माझं सुटलं नाही. उजव्या हाताने खेचते. २५ इंची रायझर (धनुष्याचा मधला दांडा), ६८ इंचाचं धनुष्य.

दिवाळीपर्यंत ३० मीटरवर सहातले पाच बाण मधल्या पिवळ्यात नाहीतर त्याबाहेरच्या लाल रंगात असायचे. मग ७० मीटरचा ध्यास लागला. २६ पौंडाच्या लिंब्जवर (धनुष्याच्या लवचीक पात्यांवर) साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तळाला नेली तरी बाण तिथवर जाईना, म्हणून ३४ चे लिंब्ज घेतले आणि त्यांना साजेसे ७०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा कडकपणा) नवे बाण. तेव्हापासून सगळं बिनसलं आहे.

हात हनुवटीखाली अँकरला येतो, स्ट्रिंग नाकाला टेकते, आणि तिथून पुढे क्लिकर, म्हणजे खेच पुरी झाली की 'टक्' वाजणारी पट्टी, काही केल्या पडत नाही. ओढत राहते, खांदा कानाकडे चढतो, हात थरथरतो आणि क्लिकर वाजायच्या आत बोटं उघडतात. कधी याच्या उलट होतं. शेजारच्या मुलाचा क्लिकर 'टक्' वाजतो आणि माझा बाण जातो! सहातले चार बरे, दोन खाली डावीकडे निळ्यात नाहीतर काळ्यात. मागच्या रविवारी एक बाण बट्रेसच्या (लक्ष्याच्या गादीच्या) लाकडी पायात घुसला. ओढून काढला तर टोक आतच राहिलं.

आमच्या मैदानावर कोच एक आणि मुलं चाळीस. "ताकद कमी पडते, रोज दोनशे बाण मारा," असं सांगण्यात आलं. तीन आठवडे मारले. आता धनुष्य उचलायच्या आधीच पोटात गोळा येतो. जिल्हा स्पर्धा अडीच महिन्यांवर आहे. काय करू?

टॅबवाला_पुणे

ताई, सेकंड इयरला असताना मला हेच झालं होतं. मी क्लिकर काढूनच टाकला. त्याच दिवशी ग्रुप परत आला आणि वाटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी क्लिकर पुन्हा लावला तर पहिल्याच एंडला (बाणांच्या एका फेरीला) बोटं पुन्हा तशीच उघडली. त्यामुळे नुसता क्लिकर काढून भागेल असं समजू नका. डोक्याला आराम मिळतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं. मोठ्यांनी सांगावं, मीही वाचतोय.

वऱ्हाडी_मास्तर

ताई, मी निवृत्त क्रीडाशिक्षक. अमरावती जिल्ह्यात २९ वर्षं नोकरी झाली. माझी सुरुवात बांबूच्या धनुष्यावर, इंडियन राउंडमध्ये. ३० आणि ५० मीटर, साइट नाही, क्लिकर नाही. रिकर्व्ह हाती आलं तेव्हा तिशी ओलांडली होती आणि या क्लिकरने मला दीड वर्ष झोपू दिलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाताला दोष देण्याआधी दोन मापं घ्या.

पहिलं माप बाणाचं. जुना आणि नवा बाण टेबलावर शेजारी ठेवा, दोघांचे नॉक (मागची खाच) भिंतीला टेकवा आणि टोकांकडे बघा. क्लिकर म्हणजे एक पातळ पट्टी. बाणाचं टोक तिच्याखालून निसटलं की ती रायझरवर आपटते. म्हणजे तुम्ही ठरावीक लांबीपर्यंत खेचलं, एवढंच ती सांगते. आता नवा बाण अर्धा इंच लांब असेल आणि क्लिकर जुन्याच जागी असेल, तर ती पट्टी तुमच्याकडून दरवेळी अर्धा इंच जास्तीचा मागते. ते अंतर अंगात नसतं. मग खांदा चढतो, डोकं मागे जातं, आणि शेवटी बोटं दगा देतात.

दुसरं माप वजनाचं. लिंबवर छापलेला आकडा २८ इंच खेचीसाठी असतो. तुमची खेच कमी असेल तर बोटांवरचं वजन कमी, इंचामागे साधारण दोन पौंड. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात असेलच. बाण लावून काट्याचा हुक स्ट्रिंगला अडकवा, घरच्या कुणाला तरी धनुष्य घट्ट धरायला सांगा आणि टोक क्लिकरपर्यंत येईल इतकंच हळूहळू ओढा. समोर बट्रेस असल्याशिवाय हे करू नका. आकडा लिहून ठेवा, जुन्या लिंब्जवरही घ्या. २६ वरून थेट ३४ ही उडी मी माझ्या दणकट पोरांनाही मारू दिली नसती. एका वेळी दोन पौंड, फार तर चार.

आकडे काही निघोत, महिनाभर जुने २६ चे लिंब्ज लावा. ७० मीटर कुठे पळून जात नाही.

मग क्लिकर नव्याने बसवा. बट्रेससमोर चार-पाच पावलांवर उभ्या राहा, फेस (रंगीत वर्तुळांचा कागद) काढून टाका. डोळे मिटून फुल ड्रॉला (पूर्ण खेचीला) या आणि तिथे तुम्हाला घट्ट, सुखाचं वाटेल तिथे थांबा. शेजारी उभ्या माणसाने टोक कुठे आलं ते रायझरवर पेन्सिलने खुणवायचं आणि तुम्ही धनुष्य उतरवायचं. असं दहा वेळा. त्या खुणांचा जिथे घोळका होईल तिथून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे खेचावं लागेल अशी पट्टी लावा. अँकरला आल्यावर क्लिकरखाली बाणाच्या टोकाचा उतार तेवढाच शिल्लक दिसला पाहिजे. शेवटचे दोन मिलिमीटर हाताने ओढायचेच नसतात.

ते कशाने येतात हे लिहून सांगणं कठीण, पण एक खूण सांगतो. माझी एक विद्यार्थिनी होती, तिला तुमचाच त्रास. ती फुल ड्रॉला आली की मी मागे उभा राहून तिच्या दोन्ही पाठफळांच्या (खांद्यामागच्या पसरट हाडांच्या) मधे माझी दोन बोटं ठेवायचो आणि म्हणायचो, "पोरी, यांना चिमटीत धर." पहिले चार दिवस काहीच नाही, नुसता दंड फुगायचा. पाचव्या दिवशी बोटांना दोन्हीकडून दाब लागला आणि त्याच क्षणी क्लिकर पडला. तिने वळून बघितलं, तिला वाटलं मीच काही केलं. घरी कुणी अशी बोटं ठेवणारं असेल तर त्यांना मैदानावर घेऊन जा.

आता भीतीचं. मापं बरोबर झाली तरी ती आपोआप जात नाही, कारण शरीराला 'टक्' आणि 'सोड' यांची गाठ बसली आहे. ती सोडवायची तर क्लिकर वाजल्यावर बाण सोडायचा नाही. बट्रेसजवळच, फेस नाही. क्लिकर पाडा, मनात दोन आकडे मोजा, पाठ तशीच ओढत राहू द्या आणि सावकाश उतरवा. पहिला आठवडा दहातले आठ उतरवायचे, दोनच मारायचे, आणि कोणते दोन ते धनुष्य उचलायच्या आधी ठरवायचं. दुसऱ्या आठवड्यात निम्मे-निम्मे. कंटाळवाणं आहे. पण माझ्याकडे जेवढ्या पोरांची ही गाठ सुटली ती याच वाटेने.

त्याच्या जोडीला ताकदीसाठी फुल ड्रॉला दहा सेकंद थांबायचं, उतरवायचं, अर्धा मिनिट विसावा, असं आठ वेळा. हे दिवसाआड. खांदा वर आला की तिथेच थांबा, आकडा पुरा करायच्या मागे लागू नका. थकलेल्या पाठीने मारलेले शंभर बाण चुकीची सवय पक्की करतात, म्हणून दोनशेचा नाद सोडा. ६० बाण मारा, पण प्रत्येकाला शुद्धीवर राहून.

आणि पिवळ्यात साइटची पिन स्थिर होण्याची वाट बघू नका, ती कुणाचीच होत नाही. आमच्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला प्रवीण जाधव, मूळचा फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. त्याने टोकियोला ७० मीटरवर ७२ बाणांत ६५६ गुण केले. बाणामागे नऊच्या थोडं वर. ऑलिम्पिकच्या रेषेवर उभ्या राहणाऱ्यालाही प्रत्येक बाण दहात मिळत नाही. दहाचं वर्तुळ असतं १२.२ सेंटीमीटरचं. पिन पिवळ्यात तरंगत राहू द्या आणि लक्ष पाठीवर ठेवा.

स्पर्धेबद्दल विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: या खेपेला ७० मीटरसाठी नाव देऊ नका, असं माझं मत आहे. मापं घेऊन इथे लिहा.

सांगली_ते_आइंडहोवन

मास्तरांनी सगळं सांगितलंच आहे, दोनच गोष्टी जोडते. मी नेदरलँड्समध्ये क्लबात खेळते, हिवाळाभर हॉलमध्ये १८ मीटर, ४० सेंटीमीटरचा फेस. हॉलमध्ये आवाज घुमतात, त्यामुळे शेजारच्या क्लिकरवर बाण सुटायचा त्रास मला फार होता. मैत्रिणीने युक्ती केली. मी फुल ड्रॉला असताना ती मागे उभी राहून बॉलपेनचं बटण टकटकवायची. कधी एकदा, कधी तीनदा, कधी मुळीच नाही. मी प्रत्येक वेळी उतरवायचं. पंधरा दिवसांत कान मेले म्हणा ना!

दुसरं, मोबाइल अगदी मागे, बाणाच्या रेषेत, खांद्याच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ घ्या. उजवं कोपर बाणाच्या रेषेच्या बाहेर राहिलेलं दिसलं तर क्लिकर जड जाणारच. कोपर आणखी मागे फिरलं पाहिजे. समोरून काढलेल्या व्हिडिओत हे दिसत नाही, मी सहा महिने समोरूनच काढत होते.

गोदाकाठ

चोवीस दिवसांनी लिहितेय, माफ करा. मास्तर, तुमचं उत्तर वाचून त्याच रात्री दोन बाण डायनिंग टेबलवर ठेवले. नवा बाण १२ मिलिमीटर लांब निघाला! मी दोनदा मोजलं, मग नवऱ्याला मोजायला लावलं. काट्यावर नवे लिंब्ज क्लिकरपाशी १४ किलो ६०० ग्रॅम, आणि जुने, जुन्या बाणाने, १० किलो ७००. रोज दोनशे बाण म्हणजे जवळजवळ तीन टन ओढत होते मी. पाठ दुखायची ती उगाच नाही.

जुने लिंब्ज लावले आणि क्लिकर १२ मिलिमीटर पुढे सरकवला. पाठीवर बोटं ठेवायचं काम लेकाने केलं. पहिले दिवस तो नुसता "नाही, नाही, नाही" म्हणायचा. नवव्या दिवशी म्हणाला, "आई, आत्ता चिमटलं," आणि क्लिकर पडला. मला आधी कळलंही नाही, इतकं कमी काही करावं लागलं. मी धनुष्य खाली ठेवून त्याला जवळ घेतलं. आता तोच रोज विचारतो, उद्या किती वाजता जायचं?

उतरवायचा सराव अजून चालू आहे. पेनचाही केला. शेजारच्या क्लिकरवर गेल्या आठवड्यात एकदाही बाण सुटला नाही.

पण परवा ३० मीटरवर फेस लावला आणि नवीनच चिंता. ग्रुप घट्ट आहे, सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत. पण सगळे मधल्या टिंबापासून वीतभर डावीकडे. खाली नाही, नुसते डावीकडे. रिलीजला माझा हात चेहऱ्यापासून बाहेर फेकला जातोय का? व्हिडिओत तर हात मानेलगत मागे जाताना दिसतो.

वऱ्हाडी_मास्तर

ताई, वाचून फार बरं वाटलं. लेकाला माझ्याकडून शाबासकी द्या.

हाताला हात लावू नका. हात बाहेर फेकला जात असता तर बाण विखुरले असते, एक लांब तर एक जवळ. सगळे एका जागी पडतात म्हणजे तुम्ही दरवेळी एकच गोष्ट करताय, आणि चांगली करताय. डावीकडे जातात ते बाणामुळे. ७०० स्पाइनचे बाण तुम्ही ३४ च्या लिंब्जसाठी घेतलेत आणि आता मारताय २६ वर. एवढ्या कमी जोरावर ते पुरेसे वाकत नाहीत, कडक पडतात. उजव्या हाताच्या धनुर्धराचा कडक बाण डावीकडेच जातो. जुने लिंब्ज लावा म्हणालो तेव्हा बाणही जुनेच घ्या, हे मी त्याच वेळी लिहायला हवं होतं. तुमचे दोन दिवस त्या काळजीत गेले, त्याचं वाईट वाटतं.

जुने बाण किती उरलेत? पाच असले तरी पाचाचा एंड मारा. खात्री करायची असेल तर त्यातल्या एकाची पिसं काढा आणि १८ मीटरवर बाकीच्या चारांसोबत मारा. बिनपिसांचा बाण ग्रुपच्या जवळ लागला तर बाण धनुष्याला जुळला. तोही बराच डावीकडे गेला तर प्लंजरची (बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाची) स्प्रिंग पाव आटा सैल करा आणि पुन्हा बघा. एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नको. साइट डावीकडे सरकवायची ती सगळ्यात शेवटी.

जुने बाण घेतले की क्लिकर तेवढाच १२ मिलिमीटर मागे आणावा लागेल. पट्टी हलवायच्या आधी आजची जागा रायझरवर पेन्सिलने खुणवा आणि वर चिकटपट्टी लावा. पुढे ३० चे लिंब्ज घ्याल तेव्हा याच नव्या बाणांची टोकं जड करून बघू, आणि मग तीच खूण लागेल.