महाद्वार रोडच्या माडीवर गाण्याची बैठक सुरू करू का?

बोळातला_गंगावेसकर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बोळात आमचं जुनं घर आहे. खाली चपलांचं दुकान, वर माडी. धाकटा भाऊ म्हणतोय, माडीवर खोल्या काढून अंबाबाईच्या यात्रेकरूंना भाड्यानं देऊ. त्याचं चूक नाही, सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पण मला तिथं महिन्यातून एकदा गाणं ठेवायचंय. सतरंजी टाकून, बिनमाईकचं.

जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, ते १८९५ च्या सुमारापासून महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायचे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी या दोन्ही गायकांनी भूर्जीखाँची तालीम घेतली. हे सगळं आमच्या उंबऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं. आज माणूस दर्शन घेतो, चप्पल घेतो, मिसळ खातो आणि गाडीत बसतो. दुकानं मिटली की पेठेत राहतं कोण? आमच्या बोळातली निम्मी घरं उपनगरात गेली.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा मी खाऊ गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती. माझ्या शेजारी कुस्तीच्या तालमीतली पोरं रडत होती. त्यातल्या कितीकांनी कधी संगीत नाटक पाहिलं असेल, कोण जाणे. पण ते आपलं आहे हे त्यांना माहीत होतं. तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

माणसं येतील का? गाड्या कुठं लावतील? तिकीट ठेवावं का?

शाई_पुडी
भावा, आधी माडी सांभाळ. तक्तपोशी, म्हणजे जमिनीच्या-छताच्या फळ्या, लाकडी असेल तर तशीच ठेव, वर फरशी चढवू नकोस. छताला पीओपी तर नकोच. लाकडाखाली आवाज गोल राहतो, गुळगुळीत फरशीवर तो नुसता आदळतो.

मी तबला-डग्गा दुरुस्त करतो. शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचा, एकेक थर द्यायचा, दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. घाई केली की शाई तडकते आणि सूर फुटतो. आता हे काम माझ्याकडं कुणाचं येतं सांगू? बहुतेक भजनी मंडळांचं. पुडी, म्हणजे वरचं चामडं, उतरली की शनिवारच्या भजनाआधी पाहिजे म्हणून दारात बसून राहतात. तुला श्रोते पाहिजेत तर तिथं जा. ती माणसं ठेक्यावर मान डोलावत मोठी झालीत, त्यांना पत्रिका छापून बोलवायची गरज नाही.

जुना_सतरंजीवाला
तुमचा बेत वाचून फार बरं वाटलं. पहिली गोष्ट, देवल क्लबात जाऊन वडीलधाऱ्यांना भेटा. १८८३ पासून ती संस्था गाणं जपत आली आहे. त्यांना डावलून काही करू नका, त्यांच्या आशीर्वादानं करा.

दुसरं, बैठक सकाळी सहाला ठेवा. गाड्यांचा प्रश्न तिथंच मिटतो, त्या वेळी रस्ता मोकळा असतो आणि पेठेतली माणसं चालत येतात. पण माझं खरं कारण गाण्याचं आहे. मैफली सगळ्या संध्याकाळी होतात, त्यामुळं सकाळचे राग ऐकायलाच मिळेनासे झालेत. जयपूर घराण्यात सकाळच्या बिलावल रागाचे किती प्रकार आहेत! ते गाणारी माणसं आजही आहेत, त्यांना वेळेवर गायला जागा मिळत नाही. अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग समोर बसून, गायकाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून ऐकला की स्वरांची वळणं, बलपेच कळतात. हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये ते निसटतात.

तिकीट नको. दारात ऐच्छिक पैशांसाठी पेटी ठेवा. आणि फ्लेक्स, निवेदक, सत्कार यांतलं काहीही नको, हे हात जोडून सांगतो. एका ठिकाणी सत्कारातच तास गेला आणि गायिकेला शेवटचं जलद लयीचं गाणं, द्रुत, आटोपतं घ्यावं लागलं. फार वाईट वाटलं होतं.

पेटीवाली_ताई
काकांशी सहमत, पण एका बाबतीत नाही. नुसता ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणंच, का? गोविंदराव टेंबे याच शहरातले. ‘मानापमान’ नाटकाचं संगीत त्यांचं आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चंही. तो बोलपट प्रभात फिल्म कंपनीनं इथंच केला. सुधीर फडके जन्मले इथं. शाहीर लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांचा डफ या पेठांनी ऐकलाय. त्या रात्री रडणाऱ्या पोरांना तुम्ही थेट विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात, बसवणार? एक महिना पोवाडा, एक महिना नाट्यपदं ठेवा. कान तयार झाला की पोरं ख्यालालाही येतील. साथीला मी माझी पेटी, हार्मोनियम, घेऊन येते, मानधन नको.

जुना_सतरंजीवाला
ताई, पोवाडा जरूर ठेवा. फक्त पोरांना विलंबित झेपणार नाही असं आधीच ठरवू नका. अवघड गाणं पेलणारं हे गाव आहे.

बोळातला_गंगावेसकर
काका, ताई, दादा, मनापासून आभार. भावाशी बोललो. मागच्या दोन खोल्या तो भाड्यानं देईल, रस्त्याकडची माडी बैठकीला राहील. तक्तपोशीला हात लावत नाही. सकाळी सहाच. पहिलं गाणं ख्यालाचं, दुसऱ्या महिन्यात शाहिरी. उद्या देवल क्लबात जातो.

आजोबांचा तानपुरा आहे, जवारी, म्हणजे तारांचा झंकार देणारी घोडीची घासणी, पार गेलीय. मिरजेत कुणाकडं न्यावा? माहीत असेल त्यांनी कृपया व्यक्तिगत निरोप टाका.