मुख्य माणूस गेला आणि बँड सुधारला: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव
१९७५ मध्ये मुख्य गायक पीटर गॅब्रिएलनं जेनेसिस हा इंग्लंडचा रॉक बँड सोडला तेव्हा बँड संपला असंच लोकांनी धरलं होतं. बाहेरचे गायक ऐकून झाले, कुणी मनास येईना. शेवटी मागं ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्सच माइकसमोर आला आणि १९७६चा आल्बम त्याच्या आवाजात निघाला. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियाच्या रॉक बँडचं तर विशेषच. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' आला. दुखवट्याचं काळं मुखपृष्ठ, सुरुवातीलाच घंटेचे टोल. जॉन्सननं स्कॉटची नक्कल केली नाही, म्हणूनच तो आल्बम उभा राहिला असं माझं ठाम मत आहे.
आपल्या भागात भजनी मंडळं, ब्रास बँड, बँजो पार्ट्या, ऑर्केस्ट्रा काय कमी आहेत? तुमच्याकडं काय झालं ते सविस्तर लिहा. नावं मात्र नकोत.

खानापूर तालुका
आमच्या मंडळाचे बुवा मुलाकडं पुण्याला राहायला गेले. पेटी त्यांची, चाली त्यांच्या आणि आवाज इतका चढा की पेटीच्या काळी चार या उंच पट्टीच्या खाली भजन कधी आलंच नाही. आम्ही टाळकरी फक्त धृपद धरायचो, तेही घसा ताणून. ते गेल्यावरची पहिली एकादशी कशीबशी पार पडली. मग पखवाजवाले मामा म्हणाले, "बुवांची पट्टी बुवांबरोबर गेली की. आपल्या गळ्याला सोसंल ती धरा." पेटी काळी दोनवर आली. त्या रात्री मागं बसून नुसते टाळ कुटणारे दोघं भाऊ, भाताच्या मळणीवरनं तसेच आलेले, त्यांनी गौळण उचलली. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं ती वळवून घ्यायची. यांना गाता येतं हे गावाला ठाऊकच नव्हतं! मामांचा हातही त्या रात्री खुलला, कारण लय पळत नव्हती. आता सुरुवातीच्या रूपाच्या अभंगापासून शेवटच्या भैरवीपर्यंत प्रत्येकाला पाळी मिळते. बुवा मोठेच होते. त्यांच्या चाली आम्ही आजही म्हणतो, फक्त आमच्या पट्टीत.

शहापूर
सगळीकडं असं होत नाही. आमच्या ब्रास बँडचा क्लॅरिनेटवाला वारला, त्यानंतर दुसरा मिळालाच नाही. वरातीची गाणी ट्रम्पेटवर निघतात, पण मुलीच्या पाठवणीला जो सूर लागतो तो क्लॅरिनेटचाच. आम्ही तिथं कीबोर्ड वाजवतो आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

चिकोडी
आमच्या ऑर्केस्ट्राचा मुख्य गायक फुटून निघाला, स्वतःची पार्टी काढायला. तो कन्नड गाणी घ्यायचाच नाही. इकडच्या लग्नात मांडवाची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड, मग निम्मं वऱ्हाड जेवायला उठून जायचं. त्याच्या जागी गोकाककडची एक मुलगी आली. घरी कन्नडच बोलते. मराठी गाणी तिनं वहीत कन्नड अक्षरांत लिहून घेतली आणि श्वास कुठं घ्यायचा तिथं लाल शाईनं खूण केली. लावणी सुद्धा अशी स्वच्छ म्हणते की ऐकत राहावं. आता दोन्ही बाजू खुर्चीवर बसून फर्माइशी पाठवतात.

अनगोळ
इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा असीम चक्रवर्ती गायचाही आणि तबलाही वाजवायचा. २००९ मध्ये तो गेला, तेव्हा गाण्याला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती असे दोघं आले. आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये गाणारा आणि लीड गिटार वाजवणारा एकच होता. तो नोकरीला बेंगळुरूला गेल्यावर आम्हीही त्याचं काम दोघांत वाटलं. पूर्वी गाणं चालू असताना गिटार गप्प असायची, आता ती ओळींच्या मधल्या जागा भरते. कितीतरी गाण्यांची बांधणी आम्ही त्यासाठी नव्यानं केली.
शहापूरच्या दादांना एक विचारायचं होतं. आमच्या गल्लीत एक मुलगा सॅक्सोफोन शिकतोय, क्लॅरिनेटवर बोटं बऱ्यापैकी तशीच पडतात. तुमच्या सरावाला पाठवू का? वाद्य तुमच्याकडं अजून असेल तर.

शहापूर
आहे. पाठवा. क्लॅरिनेटच्या भोकांवरची पॅड बदलावी लागतील, ती मी करून ठेवतो.